ब्राउन, चक

(२२ ऑगस्ट १९३६–१६ मे २०१२). अमेरिकन गिटारवादक, गायक व वाद्यवृंदप्रमुख. वॉशिंग्टन डी. सी. ह्या राजधानीच्या शहरात उदयास आलेल्या ‘गो-गो’ ह्या फंक संगीताच्या प्रादेशिक शैलीचा प्रवर्तक म्हणून तो ओळखला जातो. संपूर्ण नाव चार्ल्स लुइस ब्राउन. जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील गॅस्टन येथे, एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात. बालपणीच तो वॉशिंग्टनला आला. शिक्षण अर्धवट सोडून त्याने मिळतील ती कामे केली. १९५० च्या दशकात एका गोळीबाराच्या प्रकरणात त्याला शिक्षा झाली आणि व्हर्जिनियातील लॉर्टन येथील तुरुंगात त्याने सुमारे आठ वर्षे काढली. सिगारेटींच्या मोबदल्यात मिळविलेल्या गिटारवर त्याचे वादनाचे शिक्षण तेथेच झाले.

सुटकेनंतर १९६५ मध्ये तो ‘लॉस लॅटिनोस’ ह्या वाद्यवृंदात दाखल झाला. काँगा व इतर लॅटिन अमेरिकन तालवाद्यांचा परिचय त्याला येथे घडला. पुढच्याच वर्षी त्याने ‘सोल सर्चर्स’ हा स्वतःचा वाद्यवृंद स्थापन केला.

फंक हा १९६० च्या दशकात कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये विकसित झालेला संगीतप्रकार. त्यात स्वरावलीपेक्षा ठेक्याला आणि बेस गिटार व ड्रम यांच्या गुंफणीला प्राधान्य असते. १९७० च्या दशकाच्या मध्यास नृत्यगृहांतून ध्वनिमुद्रित डिस्को संगीताचे प्रस्थ वाढले. तबकड्या लागोपाठ वाजविल्या जात असल्याने नर्तकांना उसंत घ्यावी लागत नसे. वाद्यवृंद मात्र दोन गीतांच्या दरम्यान थांबे आणि श्रोते पांगत. परिणामी वादकांच्या उपजीविकेवरच गदा आली. यावर ब्राउनने योजलेला उपाय साधा होता : गीत संपले तरी ड्रम, काँगा व काउबेल यांचा ठेका अखंड चालू ठेवायचा, त्यावर गायकाने श्रोत्यांना नावानिशी साद घालायची, त्यांनी एकमुखाने प्रतिसाद द्यायचा आणि त्यातूनच पुढील गीतात प्रवेश करायचा. हा ठेका डिस्कोपेक्षा संथ व हेलकावे घेणारा होता. बालपणी चर्चमध्ये ऐकलेली लय आणि ग्रोव्हर वॉशिंग्टन (कनिष्ठ) याच्या ‘मिस्टर मॅजिक’ (१९७५) ह्या रचनेचा ताल हे त्याचे आधार होत. संगीत न थांबता ‘चालतच राहते’, म्हणून ‘गो-गो’ हे नाव, असे ब्राउन सांगत असे.

‘बस्टिन लूज’ (१९७८) हे त्याचे गीत १९७९ च्या प्रारंभी अमेरिकेतील ऱ्हिदम अँड ब्लूज गीतांच्या क्रमवारीत चार आठवडे अग्रस्थानी होते. तथापि श्रोत्यांच्या सहभागावर उभी असलेली ही शैली तबकडीच्या मर्यादित वेळात पुरतेपणी सामावत नसे. तिचा खरा प्रसार कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित केलेल्या आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींद्वारे झाला. ‘ट्रबल फंक’, ‘रेअर एसेन्स’ इ. वाद्यवृंदांनी ती पुढे नेली. तरी ती मुख्यत्वे वॉशिंग्टन परिसरापुरतीच राहिली. तिच्या जनकाचे ठेके मात्र दूरवर पोहोचले. सोल सर्चर्सच्या ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ (१९७४) ह्या संग्रहातील एक ड्रमवादनाचा तुकडा एरिक बी. व राकिम यांच्या ‘पेड इन फुल’ (१९८७) ह्या रॅप रचनेत आणि त्यानंतर इतर अनेकांनी वापरला.

जॅझ व ब्लूज यांचीही ब्राउनला उत्तम जाण होती. ईव्हा कॅसिडी हिच्यासमवेत त्याने केलेला ‘द अदर साइड’ (१९९२) हा संग्रह त्याची साक्ष देतो. २००५ मध्ये त्याला ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ ह्या संस्थेची राष्ट्रीय वारसा अधिछात्रवृत्ती मिळाली. २००९ मध्ये वॉशिंग्टनमधील सातव्या रस्त्याच्या एका भागाला त्याचे नाव देण्यात आले. बॉल्टिमोर येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या मृत्यूनंतर शहराचे स्वरूप झपाट्याने पालटले. जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांत सधन रहिवासी आले. २०१९ मध्ये त्याच रस्त्यालगतच्या एका दुकानाबाहेर वर्षानुवर्षे वाजणारे गो-गो संगीत तक्रारीवरून बंद करण्यात आले, तेव्हा हजारो नागरिकांनी रस्त्यावर उतरून निषेध केला व संगीत पुन्हा सुरू झाले. २०२० मध्ये कायद्याने गो-गोला वॉशिंग्टनचे अधिकृत संगीत म्हणून मान्यता मिळाली. नृत्यगृहातील श्रोते टिकविण्यासाठी योजलेली युक्ती अशा रीतीने एका समाजाच्या शहरावरील हक्काची खूण ठरली.