नम्र म्हणजे मुकी नव्हे

लग्नाच्या मुलीचा बायोडाटा हातात आला की त्यात एक ओळ हमखास असते : 'स्वभाव – नम्र व मनमिळाऊ.' त्या 'नम्र'चा अर्थ काय, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. मुलगी उलट बोलत नाही, मागत नाही, रागावत नाही. पुढे लग्न झाले, पाच-सात वर्षे गेली, आणि तिने एखाद दिवशी तोंड उघडले, की लगेच ऐकू येते, ''पूर्वी किती नम्र होती हो!''

मैत्रिणींनो, हा शब्द मला नेहमी खटकतो. म्हणजे शब्द नव्हे, त्याचे आपण जे करून ठेवले आहे ते. मी नाशिकची. सकाळी घर आवरून दुपारी अर्धवेळ मराठी शिकवते. आमचे घर ख्रिस्ती; त्यामुळे दूध तापेपर्यंत पवित्र शास्त्रातला एखादा उतारा वाचायचा, ही आईकडून आलेली सवय. त्या शास्त्रात नम्रतेला फार मोठे स्थान आहे. पण तिथली नम्रता आणि बायोडाटातली नम्रता या दोघी एकमेकींच्या लांबच्या नात्यातल्यासुद्धा नाहीत, असे मला वाटते.

योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री सगळे जेवायला बसले आहेत. त्या देशातले रस्ते धुळीचे, पायांत साध्या वहाणा. घरी आलेल्याचे पाय धुणे हे घरातल्या सगळ्यांत खालच्या चाकराचे काम. येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी घेतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्राला ते सहनच होत नाही. गुरूने आपले पाय धुवायचे?

हा प्रसंग सांगताना योहान एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, ती आपण घाईघाईत वाचून जातो. येशूला आपण कोठून आलो आणि कोठे जाणार हे पक्के ठाऊक होते, आणि ते ठाऊक असतानाच तो उठला. त्याला कोणी खाली बसवले नाही. आपली जागा कोणती हे त्याला माहीत होते, म्हणून ती सोडून खाली बसता आले. ज्याला ताठ उभे राहता येते, त्याच्या वाकण्याला अर्थ असतो, नाही का?

आणि हाच येशू त्याच रात्री पुढे महायाजकाच्या वाड्यात उभा असतो. एक शिपाई त्याच्या तोंडात मारतो. तेव्हा तो काय करतो? मुकाट राहत नाही. माझे बोलणे चुकले असेल तर चूक दाखव, आणि चुकले नसेल तर मारतोस कशाला, असे सरळ विचारतो. शिवी नाही, हात उगारणे नाही. पण प्रश्न आहे. पाय धुणारा आणि हा प्रश्न विचारणारा एकच आहे, हे विसरायचे नाही.

जलालपूरची मनकर्णिका

हे सगळे आपल्या नाशिकच्या मातीत कसे उतरले ते बघायचे तर लक्ष्मीबाई टिळकांकडे जावे लागते. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली ही मनकर्णिका गोखले. वडिलांना सोवळ्याओवळ्याचे इतके वेड, की बाजारातून आलेला जिन्नस पाण्यातून काढल्याशिवाय घरात चालत नसे. अकराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. कवी, बुद्धिमान, तापट, आणि पैसा हातात टिकू न देणारा माणूस. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायांखालची जमीनच गेली. पदरात लहान मुलगा, एकीकडे नवरा, दुसरीकडे जात आणि माहेर.

'नम्र' बायकोने काय करावे, असे कोणी विचारले तर तेव्हाचे उत्तर ठरलेले होते : नवरा जाईल तिकडे निमूट जावे. लक्ष्मीबाई गेल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे पुन्हा एकत्र आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. नवऱ्याचे मत नवऱ्यापाशी, माझे माझ्यापाशी.

मग त्या स्वतः विचार करू लागल्या. देवाने माणूस केला, जात माणसाने केली, या निष्कर्षाला त्या आपल्याच बुद्धीने आल्या. आणि एकदा पटल्यावर त्यांनी आड काही ठेवले नाही. कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे, असे ठरवून टाकले. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो १९०० साली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

आता सांगा, यात नम्रता कुठे आहे? नवऱ्यामागून निमूट गेल्या असत्या तर लोकांनी कौतुक केले असते. पण खरी नम्रता त्या पाण्याच्या भांड्यात आहे. जन्माने मिळालेली उंच जागा, जिच्यावर वडिलांनी सगळे आयुष्य पाणी ओतले, ती त्यांनी आपल्या हाताने सोडली. नगरला प्लेग आला तेव्हा ज्यांच्या जवळ जायला माणसे घाबरत होती, त्या आजारी मुलांच्या शुश्रूषेला त्या उभ्या राहिल्या. कोणी ढकलले म्हणून नव्हे.

शिक्षण म्हणाल तर नवऱ्याकडून शिकलेले लिहिणेवाचणे, तेवढेच. तरी त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. ती चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात आली, आणि मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्यांचे नाव आजही पहिल्या ओळीत घेतात. टिळक १९१९ साली वारले तेव्हा येशूचरित्रावरचे त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य सुरुवातीच्या अध्यायांतच थांबले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. १९३६ च्या फेब्रुवारीत नाशिकलाच त्यांचे देहावसान झाले.

पंडिता आणि शरणपूरची मुले

अशीच दुसरी बाई म्हणजे पंडिता रमाबाई. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. एवढी संस्कृतची जाणकार बाई, मनात आणले असते तर जन्मभर सभा गाजवीत राहिली असती. पण केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी शेवटची कित्येक वर्षे कशात घालवली? हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल साध्या मराठीत आणण्यात. साधी, थोडेफार वाचता येणारी बाई जे वाचील ते तिला समजावे, एवढाच हट्ट. छपाईच्या कामालाही मुक्तिसदनातल्याच बायका. १९२२ साली रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली छापून आला. आपली विद्वत्ता त्यांनी लपवली नाही, टाकलीही नाही. जिला अक्षर जड जाते तिच्या उपयोगाला लावली.

आपण नाशिककर शरणपूर रोडवर खरेदीला जातो. पण शरणपूर ही मुळात ख्रिस्ती वसाहत. तिथे मिशनने गुलामांच्या व्यापाऱ्यांकडून सोडवलेली आफ्रिकेतली मुले आणून ठेवली होती. त्यांना अक्षरे शिकवली, सुतारकाम, लोहारकाम शिकवले. त्यांतला एक जेकब वेनराईट. १८७३ च्या मे महिन्यात आफ्रिकेत डॉ. लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांच्या माणसांनी ते शव समुद्रापर्यंत वाहून नेले. जवळजवळ नऊ महिने, दीड हजार किलोमीटरांहून जास्त. त्यांत वेनराईट होता. लिव्हिंग्स्टनचे हृदय झाडाखाली पुरले तेव्हा प्रार्थना त्याने वाचली आणि झाडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता.

लहानपणी याच मुलाला कोणीतरी बांधून नेले होते. तेव्हा तो 'खाली' होता, पण ती नम्रता नव्हती. तो जुलूम होता. पुढे मोकळा झाल्यावर त्याने आपणहून जे ओझे उचलले, ती सेवा. ओझे दोन्हीकडे आहेच. आपल्या घरात कोणते ओझे कसे आले आहे, हे प्रत्येकीने स्वतःशी तपासून बघावे.

मग आनंद कुठून येतो?

पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले ते कैदेतून. आणि त्याच पत्रात आनंद करा, आनंद करा, असे तो पुन्हापुन्हा सांगतो. मला आधी हे कोडेच वाटे. मग ध्यानात आले की त्याला स्वतःच्या मोठेपणाची राखण करायची नव्हती. आपली निम्मी शक्ती त्या राखणीतच जाते. जाऊबाईंनी काय म्हटले, हळदीकुंकवाला कोणाला आधी बोलावले, आपल्या घरच्या जेवणाला नावे तर ठेवली नाहीत ना! 'स्मृतिचित्रे' वाचताना जागोजागी हसू येते, कारण लक्ष्मीबाई सगळ्यांत जास्त स्वतःलाच हसतात. ज्या बाईला स्वतःला हसता येते तिला दुसरा काय हसणार?

या मनाची सवय एका दिवसात लागत नाही. पौल या गुणांना 'फळ' म्हणतो. आपल्याकडे द्राक्षबागा असलेल्यांना विचारा. छाटणीवाचून घड धरत नाही, आणि घाई करून तो पिकतही नाही. तेव्हा रोजच्या घरात करण्यासारख्या चार गोष्टी सुचवते.

पहिली, आपल्या घरातली वेगळी कपबशी. मोलकरणीचा चहा अजून कितीतरी घरांत वेगळ्या, कान तुटलेल्या कपात दिला जातो. नवऱ्यापुढे, सासूपुढे आपण खालच्या असू. पण त्या बाईपुढे आपली जागा उंच आहे. नम्रता दाखवायची असेल तर ती तिथे. आपल्या कपांतला एक तिला द्यावा, आणि ''बस दोन मिनिटं'' म्हणावे.

दुसरी, आपल्यापेक्षा लहान असेल त्याच्याकडून आठवड्याला एक तरी गोष्ट शिकावी. मुलाकडून मोबाइलवर बिल भरायला, सुनेकडून तिच्या माहेरची आमटी. शिकताना ''मला माहीत आहे'' हे तीन शब्द तेवढे टाळायचे.

तिसरी, मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आठवावी. येशू घरी आल्यावर मार्था कामांच्या ओझ्याने चिडली आणि बहीण नुसती ऐकत बसली म्हणून तक्रार करू लागली. येशूने मार्थाला कामावरून रागे भरले नाही; तिची तगमग दाखवून दिली. पाहुणे आले की पाचवा पदार्थ राहू द्या. त्यांच्याजवळ बसा.

चौथी, अपमान झाला तर शांतपणे प्रश्न विचारावा. ''माझं काय चुकलं ते सांगा. चुकलं नसेल तर असं का बोलता?'' रडू न येता हे म्हणायला सराव लागतो, पण जमते. आणि जिथे हात उचलला जातो तिथे सोसण्याला कोणी नम्रता म्हणत असेल तर ऐकू नये. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. मदत मागणे हे पाप नव्हे.

नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात एका सद्गुणी गृहिणीचे वर्णन आहे. ती सूत काततेच, पण शेतही विकत घेते, गरिबाला हात देते, शहाणपणाचे बोलते, आणि पुढच्या दिवसांच्या विचाराने तिला धास्ती न वाटता हसू येते. या संबंध वर्णनात ती गप्प बसते असे कुठेही म्हटलेले नाही. मुलीच्या बायोडाटात 'नम्र' लिहिण्याआधी तो अध्याय एकदा वाचून पाहावा, एवढेच माझे सांगणे.