रोजची बॅग : रूप, सोय आणि हिशेब

व्यापारी घरांत माल पारखण्याची दृष्टी वडिलोपार्जित असते. कापडाचा पोत बोटांनी ओळखणारे, धान्याचा वाण दाण्यावरून सांगणारे, सोन्याचा कस कसोटीवर जोखणारे लोक याच घरांत वाढतात. तरीही याच घरांतील कपाटाच्या तळाशी पाहिले, तर पापुद्रे सुटलेल्या, चेन बिघडलेल्या, पट्टा तुटलेल्या चार-पाच बॅगा हमखास सापडतात. दुकानासाठी माल घेताना दहा प्रश्न विचारणारे घर, रोज खांद्यावर वागवायची वस्तू मात्र दर्शनी रूप पाहून आणि सवलतीचा फलक वाचून घेते. हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे, कारण वर्षातील तीनशे दिवस वापरली जाणारी वस्तू ही किरकोळ खरेदी म्हणता येत नाही.

पूर्वी पेढीवर जाणाऱ्याच्या कमरेला कसा असे आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या कमरेला बटवा. चार नाणी, किल्ल्या आणि सुपारीचे खांड एवढाच त्यांचा ऐवज. आजच्या बॅगेत मोबाईल, चेकबुक, कागदपत्रे, चष्मा, औषधे, डबा, पाण्याची बाटली आणि पावसाळ्यात छत्री, असा लहानसा संसारच भरलेला असतो. बटव्याचे काम आता बॅगेकडे आले आहे आणि ते कैक पटींनी वाढले आहे. म्हणून निवडीचा आरंभ दुकानात न होता घरातच व्हायला हवा.

ओझ्याचा ताळेबंद

रोज सोबत नेण्याच्या सर्व वस्तू एकदा टेबलावर मांडून स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर तोलून पाहाव्यात. अर्धा लिटर पाण्यासह स्टीलची बाटली सुमारे साडेसातशे ग्रॅम, भरलेला डबा सहाशे, मोबाईल दोनशे, पॉवर बँक अडीचशे, घडीची छत्री तीनशे, आणि पाकीट, किल्ल्या, चेकबुक, कागद मिळून चारशे. बेरीज होते अडीच किलो. आता रिकामी बॅगच जर एक किलोची असेल, तर खांद्यावरील साडेतीन किलोंपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक भार निव्वळ आवरणाचा ठरतो. जाड रेक्झिन, धातूच्या साखळ्या आणि शोभेची कडी-कुलपे यांचे हे वजन दुकानात जाणवत नाही, कारण तिथे बॅग रिकामी असते. रोजच्या बॅगेचे रिकामे वजन पाचशे ते सातशे ग्रॅमच्या आत असावे, हा सोपा निकष बहुतेकांना उपयोगी पडतो.

भार तेवढाच असला तरी पट्ट्याच्या रुंदीने फरक पडतो. दोन सेंटिमीटरच्या पट्ट्याऐवजी चार सेंटिमीटरचा पट्टा असेल, तर तेच वजन दुप्पट जागेवर विभागले जाते आणि खांद्यावर वळ उठत नाहीत. साखळीचा पट्टा लग्नसमारंभात शोभतो; रोजच्या ओझ्याला तो काचतो. एकूण वजन तीन किलोंच्या वर जात असेल, तर दोन्ही खांद्यांवर घ्यायची पाठीवरची बॅगच बरी. ती आता विद्यार्थ्यांपुरती राहिलेली नाही. साडीवर वा कुर्त्यावर शोभतील अशा नीटस, चपट्या बॅगाही मिळतात.

माप आणि कप्पे

ए-चार आकाराचा कागद 21 सेंटिमीटर रुंद आणि 29.7 सेंटिमीटर उंच असतो. तो फाईलसह न दुमडता राहावा, यासाठी बॅगेची एक बाजू आतून किमान 33 सेंटिमीटर हवी. लॅपटॉपच्या बाबतीत इंचांवर विसंबू नये. ते माप पडद्याच्या कर्णाचे असते, यंत्राच्या रुंदीचे नव्हे. घरून निघताना यंत्राची लांबी-रुंदी टेपने मोजून टिपून घ्यावी.

सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या आणि संध्याकाळी उशिरापर्यंत पेढीवर वा कार्यालयात थांबणाऱ्या स्त्रियांना डबा आणि उकळलेल्या पाण्याची बाटली रोज सोबत न्यावीच लागते. त्यांच्यासाठी बॅगेचा तळ सपाट आणि दहा-बारा सेंटिमीटर रुंद असणे अगत्याचे आहे. तसा तळ नसेल तर डबा आडवा होतो, भाजीचे तेल झिरपते आणि चेकबुकासकट सारेच खराब होते. बाटलीसाठी उभा, स्वतंत्र कप्पा हवा. पैसे आणि मोबाईल यांचा कप्पा मागच्या, म्हणजे अंगाला लागणाऱ्या बाजूस आणि चेन असलेला असावा. लोकलच्या किंवा एस. टी.च्या गर्दीत त्याचे महत्त्व कळते. आतील अस्तर फिकट रंगाचे निवडावे. काळ्या अस्तरात काळी किल्ली शोधत दारापुढे उभे राहण्याचा प्रसंग मग येत नाही.

बॅग कशाची आहे?

अहिंसेचा विचार मानणाऱ्या घरांसाठी हा प्रश्न पहिला आहे, आणि नेमका इथेच शब्दांचा घोळ सर्वांत जास्त होतो. स्वेड, नुबक, नापा ही सारी चामड्याचीच रूपे आहेत. नाव अपरिचित असल्याने ती नजरेतून सुटतात. ‘बाँडेड लेदर’ म्हणजे चामड्याचे तुकडे व भुगा चिकटवून केलेला पत्रा. त्यातही चामडे असतेच. ‘पीयू लेदर’ बहुधा कापडावर पॉलियुरेथेनचा लेप देऊन केलेले असते. मात्र क्वचित चामड्याच्या खालच्या थरावरही असाच लेप देतात. म्हणून लेपाखाली काय आहे, हे विचारणे आवश्यक ठरते. जनावराच्या कातड्याच्या आकाराची खूण लेबलवर असेल, तर ती वस्तू अस्सल चामड्याची असल्याचा संकेत समजावा. पुष्कळदा बॅग कॅनव्हासची आणि मूठ, पट्टा किंवा कोपऱ्यांवरील पट्ट्या मात्र चामड्याच्या असतात. कापलेल्या कडेशी विणीचे धागे दिसले, तर खाली कापड आहे असे समजते.

रेशमाचेही तसेच आहे. पैठणीच्या काठाचे बटवे आणि खणाच्या पिशव्या सध्या लोकप्रिय आहेत. रेशीम काढताना सामान्यतः कोशातील जीव उष्णतेने मारला जातो. हे ज्यांना मान्य नाही त्यांनी खण सुती आहे, कृत्रिम धाग्याचा आहे की रेशीममिश्रित, हे विचारून घ्यावे. सुती खणाची पिशवी डौलात कुठेही कमी पडत नाही.

चामडे वर्ज्य केले म्हणून टिकाऊपणा सोडावा लागत नाही. जाड सुती कॅनव्हास उत्तम चालतो. कापडाचे वजन दर चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास असेल, तर तो रोजचे ओझे सहज पेलतो. नायलॉन व पॉलिएस्टरसाठी डेनिअर हे माप आहे. 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. आकडा मोठा तेवढा धागा जाड. दप्तरांत नेहमी दिसणारे 600 डेनिअरचे पॉलिएस्टर मजबूत असून पावसालाही बऱ्यापैकी तोंड देते. ताग दिसायला सुरेख, पण सतत भिजल्यास कमकुवत होतो. पीयूचा लेप दमट हवेत काही वर्षांनी पापुद्रे टाकू लागतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत हा अनुभव लवकर येतो. ही बॅग कपाटात नुसती ठेवली तरी खराब होते, म्हणून ‘जपून ठेवू’ या हिशेबाने ती घेऊ नये.

शिवण आणि चेन

बॅग फाटते ती सहसा मधोमध नव्हे. पट्टा जिथे जोडलेला असतो तिथे. त्या ठिकाणी चौकोनात फुलीची शिवण किंवा दुहेरी टाके असावेत. चेन दहा वेळा उघडून मिटून पाहावी, वळणावर ती अडते का हे पाहावे. रनरवर कोरलेली ‘वायकेके’ ही अक्षरे अनेकांच्या परिचयाची आहेत. 1934 साली टोकियोत तादाओ योशिदा यांनी स्थापन केलेल्या या कंपनीच्या चेन दर्जासाठी ओळखल्या जातात. अर्थात नुसती अक्षरे पुरेशी नाहीत. चेन हाताला सरळ चालली पाहिजे. चेन बिघडते तेव्हा बहुधा रनर सैल झालेला असतो. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे तो थोड्या पैशांत बदलून मिळतो. त्यासाठी बॅग टाकून देण्याचे कारण नाही.

रूपाचा विचार

सौंदर्याकडे पाठ फिरवावी, असा या साऱ्याचा अर्थ नाही. गव्हाळ, गडद निळा, मरून, राखाडी असे शांत रंग बहुतेक वस्त्रांबरोबर जुळतात. बांध्याला साजेसा आकार, सरळ शिवण आणि एखादा सुती खणाचा पट्टा यांनी बॅगेला जे देखणेपण येते, ते मोठ्या नाममुद्रेने येत नाही. सोनेरी मुलाम्याची कडी घामाने काळवंडतात. म्हणून रोजच्या बॅगेवर ती जितकी कमी तितके रूप जास्त काळ टिकते.

घसारा मांडून पाहावा

सहाशे रुपयांची बॅग आठ महिने टिकली, तर महिन्याचा खर्च पंचाहत्तर रुपये. चोवीसशेची बॅग चार वर्षे टिकली, तर तोच खर्च पन्नास रुपये. महाग वाटलेली वस्तू अशी स्वस्त ठरते. उलट बारा हजारांची नावाजलेली बॅग वर्षातून दहा वेळा, अशी सहा वर्षे वापरली, तर प्रत्येक वापराला दोनशे रुपये पडतात. किंमत आणि खर्च हे दोन वेगळे रकाने आहेत, हे व्यापाऱ्याला नव्याने सांगायला नको; फक्त तो नियम घरच्या खरेदीलाही लावायचा आहे. कपाटातील पाच बॅगांच्या जागी एक चांगली रोजची आणि एक समारंभाची, एवढ्यावर भागले तर अपरिग्रहाचा विचारही आपोआप साधतो.

खरेदीला निघताना रोजचे सामान जुन्या बॅगेत भरून सोबत न्यावे. दुकानात ते सारे नव्या बॅगेत घालावे, ती खांद्याला लावून पाच मिनिटे चालावे, किल्ली एका हाताने काढून पाहावी आणि डबा उभा राहतो का, हे तपासावे. सामान भरून बॅग पाहण्यास जो दुकानदार नकार देईल, त्याच्याकडून ती न घेणेच इष्ट.