पेटीतले रंग मोजू नका

पिशवीत मावेल आणि खिशाला परवडेल अशी जलरंगांची पेटी घ्यायची आहे, असं कुणी म्हणालं की आजूबाजूचे सगळे एकच प्रश्न विचारतात : किती रंगांची? १२ म्हटलं तर समोरच्याचा चेहरा पडतो. २४ म्हटलं तर ठीक. आणि ३६ किंवा ४८ रंगांचा पत्र्याचा डबा सवलतीत मिळत असेल तर पुढचं बोलणंच खुंटतं. घेऊन टाका! जास्त रंग म्हणजे जास्त चांगली पेटी, हा समज पालकांमध्ये आहे, दुकानदारांमध्ये आहे आणि दुर्दैवाने काही चित्रकला शिक्षकांमध्येही आहे. नव्याने बाहेर जाऊन चित्र काढू पाहणाऱ्या माणसाचे पैसे आणि उत्साह या एका समजामुळे जितके वाया जातात, तितके दुसऱ्या कशाने जात नसतील.

मुळात पेटीतल्या वडीत असतं काय? रंगद्रव्याची बारीक पूड आणि ती कागदाला धरून ठेवणारा डिंक. हा डिंक बाभळीच्या कुळातल्या झाडाचा असतो. वडी सुकून दगड होऊ नये म्हणून थोडं ग्लिसरीन किंवा मध घालतात. स्वस्त वड्यांत डिंकाऐवजी बऱ्याचदा डेक्स्ट्रिन असतं आणि रंगद्रव्य कमी करून पांढरी पूड भरलेली असते. अशी वडी ब्रशने कितीही घासली तरी कागदावर फिकट, खडूसारखा थर येतो. दोष आपल्या हाताचा आहे असं नवख्याला वाटतं. तो हाताचा नसतो.

जगभरातल्या रंगद्रव्यांना ठरलेले संकेत आहेत. ब्रिटनमधली सोसायटी ऑफ डायर्स अँड कलरिस्ट्स आणि तिची अमेरिकी सहयोगी संस्था मिळून 'कलर इंडेक्स' नावाची सूची चालवतात. चांगल्या कंपन्या ट्यूबवर किंवा आपल्या रंगतक्त्यात हे संकेत छापतात. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन निळा, पीबी १५ म्हणजे थॅलो निळा, पीजी ७ म्हणजे थॅलो हिरवा, पीव्ही १९ म्हणजे क्विनाक्रिडोन गुलाबी. कंपनीने रंगाला काहीही काव्यमय नाव दिलेलं असो, आत काय आहे ते हा संकेत सांगतो. संकेत छापलेला एखादा मोठा रंगतक्ता समोर ठेवून बघा. तोच थॅलो निळा एका वडीत पिवळ्याबरोबर, दुसरीत पांढऱ्याबरोबर, तिसरीत काळ्याबरोबर आलेला दिसेल. म्हणजे तीन वड्यांचे पैसे देऊन आपण एकच निळा तीनदा विकत घेतलेला असतो. आणि स्वस्तातल्या ४८ रंगांच्या डब्यावर तर बहुतेक वेळा संकेतच नसतात, त्यामुळे ही पुनरावृत्ती ग्राहकाला कळतही नाही.

नावाजलेल्या रंगांचीही हीच गोष्ट आहे. हूकर्स ग्रीन हा विल्यम हूकर या ब्रिटिश वनस्पती-चित्रकाराचा हिरवा. प्रशियन निळा आणि गॅम्बोज पिवळा मिसळून तो पानांसाठी वापरत असे. पेन्स ग्रे विल्यम पेन या जलरंगकाराच्या नावाचा, तोही मिश्रणच. या चित्रकारांनी आपापल्या पॅलेटवर जे मिसळलं, ते पुढे तयार वडी म्हणून विकलं जाऊ लागलं. जे काम ते दोघं ब्रशने काही क्षणांत करत होते, त्यासाठी आपण पेटीत वेगळं घर का अडवायचं?

आता पैशांचा हिशोब करू. हातात १,००० रुपये आहेत असं धरा. ४८ रंगांची पेटी घेतली तर एका रंगाच्या वाट्याला २१ रुपयेसुद्धा येत नाहीत, आणि त्यातच डबा, छपाई, वाहतूक, दुकानदाराचा नफा आणि फुकट म्हणून दिलेला ब्रश हे सगळं आलं. रंगद्रव्यासाठी उरलं काय? त्याच पैशांत १२ रंग घेतले तर प्रत्येकाला ८३ रुपये मिळतात. किंमत तीच ठेवून रंग वाढवले की प्रत्येक वडी आकाराने तरी कमी होणार नाहीतर कसाने तरी. तिसरी वाट नाही.

"पण सात-आठ रंगांत सगळं कसं भागेल?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. ७ रंगांच्या जोड्या २१ होतात आणि तिघातिघांचे गट ३५. प्रत्येक मिश्रणात प्रमाण बदलता येतं आणि पाणी कमी-जास्त करता येतं. छटा मोजायला बसलात तर मोजणं सोडून द्याल. फक्त ते सात नीट निवडलेले हवेत. लिंबाकडे झुकणारा एक पिवळा आणि नारिंगीकडे झुकणारा एक. शेंदरीकडे झुकणारा लाल आणि क्विनाक्रिडोनसारखा थंड गुलाबी. अल्ट्रामरीन आणि थॅलो हे दोन निळे. सातवा बर्न्ट सिएना.

शाळेत लाल आणि निळा मिसळून जांभळा होतो असं शिकवलेलं असतं आणि प्रत्यक्षात मळकट तपकिरी हाती येतो, त्याचं कारण या झुकण्यात आहे. शेंदरी लालात पिवळ्याचा अंश असतो, तो जांभळ्याला मारतो. थंड गुलाबी आणि अल्ट्रामरीन घ्या, जांभळा लखलखीत येईल. थॅलो निळा आणि लिंबू पिवळा मिसळला की भाताच्या कोवळ्या रोपांचा हिरवा मिळतो. अल्ट्रामरीन, गरम पिवळा आणि किंचित बर्न्ट सिएना एकत्र केले की आंब्याच्या जून पानांचा. नुसता अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या एका जोडीतून आषाढातले ढग, सह्याद्रीचा काळा कातळ, वाईच्या घाटाच्या ओल्या पायऱ्या आणि जवळजवळ काळी सावली, सगळं निघतं. जांभ्या दगडाच्या चिऱ्यासाठी त्याच सिएनात थोडा गुलाबी घातला की झालं. या सातांच्या पलीकडे कुणाला एखादा सॅप ग्रीन ठेवावासा वाटला तर जरूर ठेवावा. बाहेर उजेड भराभर बदलतो, तयार हिरवा हाताशी असला तर वेळ वाचतो. पण असे रंग एक किंवा दोन, तीस नव्हेत.

छोट्या पेटीत जागेचाही प्रश्न आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. डबा जेवढा वड्यांनी भरलेला, तेवढी रंग मिसळायची जागा कमी. ४८ रंगांच्या डब्यातल्या वड्या पुष्कळदा इतक्या चिमुकल्या असतात की ८ नंबरचा ब्रश त्यात नीट टेकत नाही, आणि टेकवलाच तर शेजारच्या वडीला डाग लागतो. प्रवासाची पेटी घेताना आधी झाकण उघडून आतली पांढरी पन्हाळी बघा. आकाशाचा एक सबंध वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, तिथे कालवता येईल का, हे स्वतःला विचारा. वड्यांची संख्या त्यानंतर.

दुसरा मोठा गैरसमज पहिल्याच्या अगदी उलट टोकाचा आहे : स्वस्त रंग म्हणजे कच्चा रंग, चित्र टिकायला हवं तर महागडी परदेशी पेटीच हवी. यात अर्धं सत्य असल्यामुळे तो जास्त चिवट झाला आहे. रंगाची किंमत आणि त्याचा टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अल्ट्रामरीनचंच बघा. एके काळी तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्द दगडापासून काढत आणि युरोपात तो सोन्याच्या तोलाने विकला जाई. १८२४ साली एका फ्रेंच संस्थेने तो कृत्रिम रीतीने स्वस्तात बनवणाऱ्याला ६,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं, आणि १८२८ मध्ये ते ज्याँ-बाप्तिस्त गिमेला मिळालं. आज हाच रंग सगळ्यांत स्वस्त रंगद्रव्यांपैकी एक आहे, आणि उजेडात टिकण्यात पहिल्या प्रतीचा आहे. थॅलो निळा, थॅलो हिरवा आणि मातीचे तपकिरी-पिवळे यांचंही तसंच. म्हणून ओळखीच्या कंपनीच्या 'स्टुडंट' दर्जाच्या मालिकेतही हे रंग त्याच द्रव्यांचे मिळतात, फक्त जरा पातळ. महाग असतात ते कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग. स्वस्त मालिकेत त्यांच्या जागी पर्यायी द्रव्य घालून नावापुढे 'ह्यू' लिहितात. यात फसवणूक नाही आणि प्रवासाच्या पेटीत त्यावाचून काही अडतही नाही.

दांडेकर बंधूंनी १९३१ साली सुरू केलेल्या कॅम्लिनच्या रंगांवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या शिकल्या. देशी ट्यूबा घेतल्या म्हणून चित्र कमी दर्जाचं होतं, असं म्हणणाऱ्याने आधी त्या ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचावं.

खरा धोका आहे तो विटणाऱ्या रंगांचा, आणि तो महागड्या पेटीतही असतो. जलरंगाचा थर पातळ, त्यामुळे उजेडाचा मार त्याला जास्त बसतो. वॉल्टर रसेल आणि विल्यम ॲबनी यांनी १८८८ मध्ये ब्रिटिश सरकारला सादर केलेल्या अहवालात जलरंगांवर उजेडाचा परिणाम पद्धतशीर तपासला होता, म्हणजे हे आज कळलेलं नाही. तरीही अलिझरिन क्रिमझन (पीआर ८३) अजून विकला जातो. अमेरिकेच्या एएसटीएम मानकात १ आणि २ या श्रेणी भरवशाच्या समजल्या जातात, हा त्यांत बसत नाही. डोळे दिपवणारे चमकदार 'ऑपेरा' गुलाबी त्याहून लवकर उडतात. शंका असेल तर घरीच तपासा : कागदाच्या पट्टीवर सगळे रंग लावा, पट्टी मधोमध कापा, एक तुकडा खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, दुसरा पुस्तकात ठेवा आणि उन्हाळा गेल्यावर दोन्ही शेजारी धरा. मिटलेल्या स्केचबुकात मात्र विटका रंगही बराच टिकतो. तेव्हा फक्त वहीत काम करणाऱ्याने या काळजीने झोप उडवून घेऊ नये.

उरलेल्या समजांना इतकी जागा देण्याची गरज नाही. ट्यूबचे रंग प्रवासात नेता येत नाहीत म्हणतात. रिकाम्या हाफ पॅनमध्ये, म्हणजे वडीच्या छोट्या खोक्यात, ट्यूब पिळून दोन-तीन दिवस सुकवली की तीच वडी. हाफ पॅनमध्ये दीड ते दोन मिलिलिटर रंग मावतो, म्हणजे ५ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये दोन पॅन आरामात भरतात. ते पॅन चांगल्या दुहेरी चिकटपट्टीने पत्र्याच्या जुन्या कंपासपेटीत बसवा, झाकणाला आतून पांढरा एनॅमल पेंट लावा, परवडणारी पेटी तयार. पांढरा आणि काळा हवाच, असंही नाही. पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद, आणि काळ्याची जोडी वर सांगितलीच आहे. पोस्टर कलर पातळ केला की जलरंग होत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे तो आपल्या हातात आधी येतो, पण तो अपारदर्शक असतो, त्याच्यातून कागदाचा उजेड वर येत नाही. ब्रशचा बारा नगांचा संच घेऊ नका. भिजल्यावर टोक जुळणारा ८ नंबरचा एक गोल सिंथेटिक ब्रश पुरे. आणि जलरंग म्हणजे फिकं, हलकं काम असं ज्यांना वाटतं, त्यांनी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं दिवा घेतलेल्या स्त्रीचं 'ग्लो ऑफ होप' बघावं. लोक ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते आहे जलरंगात, आणि सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं आहे.

कागदाबद्दल मात्र दोन वाक्यांत आटपता येणार नाही, कारण रंगांवर वाचवलेले पैसे तिथेच घालायचे आहेत. रंग भारी असला की कागद कसाही चालतो, हे साफ खोटं. साध्या ड्रॉइंगच्या कागदावर पहिल्याच वॉशला लाटा येतात, रंग मध्येच शोषला जातो आणि दुसरा हात फिरवला की कागदाचा लगदा सुटतो. मध्यम रंग आणि सुती, ३०० जीएसएमचा कागद ही जोडी, भारी रंग आणि पातळ कागद या जोडीपेक्षा केव्हाही चांगली. सुती कागद महाग वाटतो तो पॅडमध्ये. २२ x ३० इंचांचा पूर्ण ताव आणून त्याचे १६ तुकडे केले तर साडेपाच बाय साडेसात इंचांचा एकेक तुकडा बराच स्वस्त पडतो, आणि बसस्टँडवर, घाटावर किंवा गडाच्या बुरुजावर बसून काढायला तो आकार पुरेसा असतो.

शेवटी पावसाळ्याबद्दल, कारण परदेशी पुस्तकांत हे सापडत नाही. ओली पेटी मिटून पिशवीत टाकली की डिंकावर दोन दिवसांत बुरशी धरते. घरी आल्यावर पेटी उघडी ठेवून पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावी. बुरशी आलीच तर वरचा थर ओल्या ब्रशने उचलून फेकून द्यावा आणि वडी पुन्हा वाळवावी. ज्या रंगांत मध जास्त असतो ते मुंबईत, कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर सुकतच नाहीत, चिकट राहतात आणि पेटी आडवी झाली की शेजारच्या पॅनमध्ये ओघळतात. तिथे राहणाऱ्यांनी असे रंग पॅनमध्ये भरू नयेत, ट्यूबमध्येच ठेवावेत आणि त्या दिवशी लागतील तेवढेच पॅलेटवर काढावेत.