गन सुटेपर्यंत

पहाटेचे साडेपाच. मुलुंड पश्चिम, एलबीएस रोड. पेट्रोल पंपाच्या मागच्या कोपऱ्यात चार्जर उभा आहे आणि त्याला दोन गाड्या लागलेल्या. मी तिसरा. डॅशबोर्डवर बॅटरी 18 टक्के, बाहेरचं तापमान 16. योगी हिल्सच्या अंगाने गार वारा येतोय. मेट्रो-4 च्या खांबाशी दोन कुत्री एकमेकांना चिकटून झोपलीत.

टॅक्सीवाला काच खाली करतो. ‘‘काका, वीस मिनिटं धरा. सत्तर झालंय.’’

‘‘ऐंशीला काढाल ना?’’

‘‘काढतो की. पुढे रांगतेच ती.’’

खरंय. ऐंशीच्या पुढे बॅटरी हात आखडता घेते. त्यात इथे यंत्र एक आणि चार्जिंगच्या गन दोन. दुसरी गाडी लागली की वीज दोघांत वाटली जाते. त्यामुळे त्याची वीस मिनिटं म्हणजे किती, हे त्यालाही माहीत नाही.

माकडटोपी घातलेले एक आजोबा फिरता फिरता थांबतात. माझ्या हिरव्या नंबरप्लेटकडे बघतात. ‘‘थंडीत म्हणे ही गाडी कमी पळते?’’

‘‘ही कुठली थंडी, आजोबा!’’

शून्याच्या खाली पारा गेला की सेलमधलं लिथियम मंदावतं, आणि गाडी आधी स्वतःला ऊब देण्यात वीज घालवते. भाचा शिकागोला असतो. 2024 च्या जानेवारीत तिथे पारा उणे वीसच्याही खाली गेला, तेव्हा चार्जिंगच्या रांगेतच काही गाड्यांनी मान टाकली होती. मुंबईचा आजवरचा नीचांक 7.4 अंश, तोही 1962 सालचा. इथे हीटर लागत नाही, एसीही बंद. माझी गाडी वर्षातली सगळ्यात जास्त किलोमीटर जानेवारीतच देते. तिचं उत्तम चाललंय. कुडकुडतोय तो मालक.

मालक इथे का, तर घरी प्लग नाही म्हणून. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये पंधरा अँपिअरचा साधा सॉकेट असता, तर गाडी रात्रभर सावकाश भरली असती आणि मी आत्ता गोधडीत असतो. मीटर रूमपासून वायर ओढायचा खर्च माझा, हे लेखी दिलंय. चार्जिंगसाठी स्वतंत्र कनेक्शन मागता येतं, हा फेब्रुवारी 2024 चा केंद्राचा नियमही फायलीला जोडलाय. सोसायटीचे सेक्रेटरी सज्जन आहेत. ‘‘पुढच्या सभेत घेऊ,’’ म्हणतात. एक सभा लिफ्टने खाल्ली, एक गच्चीच्या गळतीने. तिसऱ्या सभेत विषय निघाला, तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, पावसात पाणी साचलं तर शॉक कोणाला बसणार? प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणूनच सभा तिथे संपली.

सायकलवरचा चहावाला येतो. पंपापासून लांब, फुटपाथवर थांबतो. आम्ही तिघं तिथे जाऊन कटिंग घेतो. टॅक्सीवाला मोबाइलवर आकडा बघतोय. एकोणऐंशी. मागे चौथी गाडी येऊन उभी राहते, तिचे दिवे आमच्या पाठीवर.

‘‘झालं.’’ तो गन काढतो, जाड केबल खांद्यावरून वळवून माझ्याकडे देतो. ‘‘धरा काका. गरम आहे हां.’’

खरंच गरम आहे. मी दोन्ही हातांनी मूठ धरतो आणि क्षणभर तशीच धरून ठेवतो.

मागचा हॉर्न वाजवतो.