वाचा गेली म्हणजे समजही गेली का?

मागच्या भागात आपण मेंदूचा नकाशा पाहिला: इथे दृष्टी, इथे स्पर्श, इथे भाषा. आज त्या नकाशात न दिसणाऱ्या रस्त्यांबद्दल बोलू.

1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनकडे लबोर्न्य नावाचा रुग्ण आला. बोललेलं त्याला बरंच समजे, पण तोंडातून निघे ते बहुधा एकच अक्षर, ‘तां’. काही दिवसांतच तो वारला. ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला, डाव्या बाजूला पुढे इजा दिसली, आणि ‘वाचेचं केंद्र’ सापडलं असं ठरलं. शाळेच्या पुस्तकांत आजही एवढंच असतं. ब्रोकांनी तो मेंदू न कापता जपून ठेवला, हे आपलं नशीब. कारण 2007 मध्ये त्याच मेंदूचं एमआरआय प्रसिद्ध झालं, आणि इजा वरच्या थरापुरती नव्हतीच असं दिसलं. ती खोलवर, भाषेचे पुढचे-मागचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यापर्यंत पोचली होती.

मेंदूची वरची साल, म्हणजे कॉर्टेक्स, जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर जाड. तिच्यात सुमारे 1600 कोटी चेतापेशी, आणि खाली लांब तारांचा पांढरा पसारा. शेजाऱ्याशेजाऱ्यांत जोडण्या भरपूर, दूरच्या मात्र मोजक्या. लांब तार ऊर्जेला आणि जागेला महाग पडते. म्हणून लांबची बरीच वाहतूक थोड्या जंक्शनांतून जाते. जून 2015 मध्ये इटारसीच्या सिग्नल यंत्रणेला आग लागली, तेव्हा आग एका खोलीत होती आणि गाड्या रद्द झाल्या देशभर. मेंदूतही गुठळी केवढी यापेक्षा ती कुठल्या वाटेवर बसली, याला कधीकधी जास्त महत्त्व असतं.

हे घरोघरी कळायला हवं. पक्षाघातानंतर वाचा गेली की नातेवाईक पलंगाशेजारीच म्हणतात, ‘बाबांना आता काही कळत नाही.’ काहींची समजही खरोखर जाते. ते डॉक्टर किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ तपासून सांगतील. पण ब्रोकांच्या रुग्णासारख्या अनेकांना बरंच कळत असतं, नुसती बाहेरची वाट बंद असते. उरलेल्या वाटा सरावाने थोडाफार भार उचलतात, वाचा-उपचार चालतात ते याच भरवशावर. तोवर प्रश्न छोटे विचारा, मानेने ‘हो-नाही’ सांगता येतील असे, आणि उत्तराची वाट पाहा. मधेच वाक्य पुरं करून देऊ नका.