अर्धपोटी गडी

चायनीजच्या गाडीवर कढईत भुरभुरतात तो अजिनोमोटो रसायनं ढवळून करत असतील, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तो इडलीच्या पिठासारखा आंबवून होतो. हे आंबवणारा जिवाणू मात्र भलताच हट्टी आहे, आणि मला त्याचाच माग काढायचा होता.

इतिहास थोडक्यात. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामिक आम्ल वेगळं केलं. पुढच्याच वर्षी त्याचं मीठ ‘अजिनोमोटो’ नावानं बाजारात आलं. पुढची कित्येक वर्षं ते गव्हातलं ग्लुटेन आम्लात उकळून काढत.

१९५०च्या दशकात क्योवा हाक्को कंपनीतल्या शुकुओ किनोशितांनी हे काम जिवाणूंवर सोपवायचं ठरवलं. पण अमिनो आम्ल बनवून बाहेर ओतणारा जिवाणू मिळणार कुठून? सहसा कुठलाही जीव गरजेपुरतं बनवतो नि थांबतो. त्यांची युक्ती मला फार आवडली. मातीतले जिवाणू बशीत वाढवायचे, अतिनील किरणांनी मारायचे आणि वर दुसऱ्या एका जिवाणूचा थर पसरायचा. हा दुसरा ग्लुटामिक आम्ल आयतं मिळाल्याशिवाय वाढतच नाही. ज्या ठिपक्याभोवती तो दाट उगवेल, तो ठिपका आपल्या कामाचा! असा गडी उएनो प्राणिसंग्रहालयातल्या मातीत सापडला. त्याचं आजचं नाव कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम.

खरी गंमत त्याच्या खुराकात आहे. बायोटिन हे जीवनसत्त्व त्याला स्वतः बनवता येत नाही, बाहेरून द्यावं लागतं. भरपूर दिलं की गडी फोफावतो, पण ग्लुटामिक आम्ल बाहेर सोडत नाही. लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली ठेवलं की वाढ आखडते आणि आम्ल बाहेर पडू लागतं. ५च्या हिशेबानं २ लाख लिटरच्या टाकीला अवघा १ ग्रॅम पुरतो!

बायोटिनवाचून स्निग्धाम्लं धड बनत नाहीत, म्हणून पेशीचं पटल बिघडतं. मग ते नुसतं गळकं होतं, अशी बराच काळ समजूत होती. २००७ साली जपानी संशोधकांनी पटलातला एक दरवाजाच दाखवला. पटलावरचा ताण बदलला की तो उघडतो.

बाकीचं पथ्यपाणीही तितकंच चिवट. अमोनिया कमी पडला तर अल्फा-कीटोग्लुटारेट साचतं, जास्त झाला तर ग्लुटामाइन. हवा अपुरी पडली की लॅक्टिक आणि सक्सिनिक आम्ल. सामू उदासीनाच्या किंचित वर राखावा लागतो, आणि आम्ल बनत जाईल तसा तो घसरतो. मग अमोनिया सोडायचा; तोच अन्न, तोच उतारा. टाकीपाशी उभ्या असणाऱ्यांचा मला हेवा वाटत नाही.

त्यात मळी. साखर कारखान्यांच्या मुलखात आपल्याला वाटणार, एवढी स्वस्त साखर आयती पडलीय, ओता टाकीत. पण उसाच्या मळीत बायोटिन आधीच मुबलक असतं, आणि ते वेचून काढणं परवडत नाही. म्हणून जिवाणू वाढत असतानाच पेनिसिलिन किंवा ट्वीन-६० सारखा पदार्थ घालतात. पेनिसिलिन पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही, त्यामुळे पोट भरलेला गडीही आम्ल सोडतो. फार लवकर घातलं तर काम करायला गडीच पुरेसे नसतात. उशीर झाला तर वाढ संपलेली असते, आणि न वाढणाऱ्या पेशीचं पेनिसिलिन फारसं वाकडं करू शकत नाही. शिवाय मळीचा प्रत्येक लॉट वेगळा, त्यामुळे मागच्या टाकीची वेळ या टाकीला लागू पडेलच असं नाही.