‘देसा’ या शब्दाचे दोन अर्थ : बालीतील मेदेवी गावाचा परिचय

इंडोनेशियातील प्रत्येक गावाची एक सरकारी ओळखपत्रिका असते. तिला तेथे ‘प्रोफिल देसा’ असे म्हणतात. गावाचे क्षेत्र, चतुःसीमा, लोकसंख्या, धर्म, पिके, शाळा व रस्ते यांची नोंद कशी ठेवावी, याचे नियम तेथील गृहमंत्रालयाने २००७ साली घालून दिले. पुढे पर्यटनाचा व्याप वाढल्यावर अशा नोंदींतील मजकूर पाहुण्यांसाठी व गुंतवणूकदारांसाठीही वापरला जाऊ लागला. भाषेच्या अभ्यासकाने या पत्रिकांकडे का वळावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, पत्रिकेच्या मथळ्यातील ‘देसा’ हाच शब्द बाली बेटावर दोन निरनिराळ्या संस्थांना लावला जातो, आणि हा भेद ध्यानी न घेणाऱ्याचा जमिनीचा व्यवहार फसण्याचा संभव असतो. हे स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात मेदेवी हे एकच गाव घेतले आहे.

मेदेवी हे बालीच्या पश्चिमेकडील जेंब्राना जिल्ह्यात, पेकुतातान तालुक्यात आहे. देनपासार या राजधानीपासून ते सुमारे ७५ किलोमीटरांवर पडते. देनपासारहून निघून गिलिमानुक बंदराकडे जाणारा महामार्ग दक्षिण किनाऱ्याजवळून या गावातून जातो. जावा बेटावरून माल घेऊन येणारे ट्रक गिलिमानुकला बोटीतून उतरतात आणि याच रस्त्याने पुढे जातात; त्यामुळे रस्ता दिवसरात्र वाहता असतो. दक्षिण बालीची पांढरी वाळू येथे नाही. किनारा काळ्या गुळगुळीत दगडांचा असून त्यावर डावीकडे फुटत जाणारी एक लांबलचक लाट येते. लाटांवर फळीने स्वारी करणारे परदेशी लोक तिच्याच ओढीने येथे येतात. मागच्या डोंगरउतारावर लवंग, कोको व रबर यांची लागवड आहे. वस्तीत हिंदूंबरोबर मुसलमान कोळी कुटुंबेही आहेत. जेंब्राना जिल्ह्यात ही गोष्ट नवलाची नव्हे, कारण तेथील लोलोआन या वस्तीत बुगी वंशाचे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या राहत आले असून ते मलय भाषेचा एक निराळा प्रकार बोलतात.

गावाचे नाव ऐकताच मराठी माणसास ‘देवी’ आठवते. हा मोह आवरावा. बाली भाषेत ‘म-’ हा उपसर्ग अत्यंत रूढ आहे व त्याचा उच्चार ‘मे-’सारखा ऐकू येतो. याच जिल्ह्यातील रेड्यांच्या प्रसिद्ध शर्यतीस ‘मकेपुंग’ म्हणतात. ‘केपुंग’ म्हणजे पाठलाग, आणि उपसर्गाने त्याचे क्रियापद झाले. तेव्हा ‘मेदेवी’ची फोड कोठे करावयाची, हे नुसत्या ध्वनिसाम्यावरून ठरविणे शास्त्रशुद्ध होणार नाही. संस्कृत शब्द दिसला की आपलेच घर सापडल्याचा आनंद मानण्याची आपल्याकडील काही विद्वानांची सवय येथे उपयोगी पडत नाही.

जेथे शब्द निःसंशय संस्कृत आहेत तेथेही त्यांनी स्वतंत्र वाटा धरल्या आहेत. जेंब्रानाच्या मुख्य गावाचे नाव ‘नेगारा’. हा आपला ‘नगर’ शब्द होय. आजच्या इंडोनेशियन भाषेत मात्र ‘नेगारा’ म्हणजे राज्य, राष्ट्र. उलट ‘देश’ हा विस्तृत अर्थाचा शब्द तेथे आकुंचित होऊन ‘देसा’, म्हणजे खेडे, झाला. नगर वाढून राष्ट्र झाले आणि देश आटून खेडे झाला. मराठीतही ‘देश’ शब्दाचा अर्थ सर्वत्र सारखा नाही. कोकणातला माणूस ‘देशावर गेलो’ म्हणतो तेव्हा त्याला घाटमाथ्यापलीकडचा प्रदेश अभिप्रेत असतो, आणि ‘देशमुख’, ‘देशपांडे’ ही वतने परगण्यापुरती होती. जावामध्ये या शब्दाचा जुना आधार म्हणून १३६५ सालच्या एका ग्रंथाकडे बोट दाखविता येते. ‘नागरकृतागम’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रपंचकृत काव्याचे कवीने दिलेले नाव ‘देशवर्णन’ असे आहे. मजपहित राज्यातील स्थळांची ती पद्यमय नोंद आहे. आजची ‘प्रोफिल देसा’ तिच्याच कुळातली म्हणावयास हरकत नाही, मात्र तिच्यात काव्य उरलेले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. बालीमध्ये ‘देसा दिनास’ आणि ‘देसा अदात’ अशा दोन संस्था शेजारीशेजारी नांदतात. ‘दिनास’ हा डच भाषेतून आलेला सरकारी सेवेचा वाचक शब्द. ‘अदात’ हा अरबी, आपल्या ‘आदत’चा सख्खा भाऊ, अर्थ रूढी. पहिली संस्था सरकारची. तिचा प्रमुख ‘पेर्बेकेल’. दाखले, अर्थसंकल्प, रस्तेदुरुस्ती ही तिची कामे. दुसरी रूढीची. तिचा प्रमुख ‘बेंदेसा’. तिचे नियम ‘अविग-अविग’ या नावाने ओळखले जातात. आणि तिची एकात्मता तीन ग्रामदेवळांनी, म्हणजे पुरा पुसेह, पुरा देसा व पुरा दालेम यांनी, बांधलेली असते. दोहोंच्या सीमा एकच असतील असे नाही. बालीत सरकारी गावे व नागरी प्रभाग मिळून ७१६ भरतात, तर रूढीची गावे सुमारे १,५०० आहेत. एवढ्यावरूनच एका पत्रिकेत दोन्ही मावत नाहीत, हे उघड होईल.

ही द्विविधता शासनाला वेळोवेळी अडचणीची वाटली. १९७९ च्या कायद्याने जावाच्या नमुन्यावर सर्व इंडोनेशियातील खेड्यांची रचना एकसारखी करण्यात आली. बालीतील रूढीची गावे त्या साच्याबाहेर राहिली. २०१४ च्या ग्रामकायद्याने ‘देसा अदात’ला मान्यता दिली, परंतु दोहोंपैकी एकाचीच नोंदणी करावी, असा पर्याय पुढे ठेवला. त्यावर बालीत तीव्र वाद झाला व अखेर नोंदणी सरकारी गावांची झाली. २०१९ साली प्रांतिक नियमाने रूढीच्या गावास वेगळे स्थान दिले. कॅरोल वॉरन या विदुषींचा या विषयावरील ग्रंथ १९९३ सालचा आहे. त्यानंतर कायदे बदलले, तरी त्यातील विवेचन आजही मार्गदर्शक ठरते.

जमिनीचा प्रश्न येतो तेव्हा हा भेद पुस्तकी राहत नाही. १९६० च्या जमीनविषयक मूलभूत कायद्यान्वये पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियन नागरिकास मिळते. ‘हाक’ हा आपला ‘हक्क’, आणि ‘मिलिक’ हा ‘मालक’ शब्दाच्याच अरबी धातूपासून झालेला. परकीयास ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क, मिळू शकतो. कंपनीस ‘हाक गुना बांगुनान’ (इमारतीसाठी) किंवा ‘हाक गुना उसाहा’ (शेतीच्या उद्योगासाठी) मिळतो. ‘गुना’ म्हणजे संस्कृत ‘गुण’, तेथे त्याचा अर्थ उपयोग. ‘उसाहा’ म्हणजे ‘उत्साह’, तेथे त्याचा अर्थ उद्योगधंदा. स्थानिक माणसाच्या नावे खरेदी करून आतून आपण मालक व्हावयाचे, ही परकीयांनी चालविलेली युक्ती त्याच कायद्याने निरर्थक ठरविली आहे. ती तरीही चालते, आणि पैसा बुडाल्यावर दाद मागता येत नाही.

परंतु याहून खोल अडचण दुसऱ्या ‘देसा’ची आहे. बाली कुटुंबाचे घर पुष्कळदा ‘पेकारांगान देसा’वर, म्हणजे रूढीच्या गावाच्या मालकीच्या निवासभूमीवर, उभे असते. कुटुंबाने तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहावे आणि त्याबदली देवळाची व गावाची सेवा (‘आयाहान’) करावी, असा तो संबंध आहे. देवळाच्या उत्पन्नासाठी राखलेल्या जमिनीस ‘लाबा पुरा’ म्हणतात. ‘लाबा’मधील ‘लाभ’ वाचकाने ओळखला असेलच. हा लाभ मात्र देवाचा. २०१७ साली रूढीच्या गावास अशा सामूहिक जमिनीचा धारक म्हणून सरकारने मान्यता दिली. अशी जमीन विकण्याचा अधिकार तिच्यावर राहणाऱ्यास नाही. खुद्द किनाऱ्यावरही भरतीच्या रेषेपासून शंभर मीटरांची पट्टी बांधकामास सामान्यतः वर्ज्य आहे, आणि न्येपीच्या आधीच्या ‘मेलास्ती’ विधीसाठी देवतांची मिरवणूक समुद्रावर जाते, तेव्हा किनारा सर्वस्वी गावाचा असतो.

मेदेवीच्या पश्चिमेस थोड्या अंतरावर पुरा रांबुत सिवी हे देऊळ आहे. सोळाव्या शतकातील धर्मगुरू निरर्थ यांच्या केसांची बट तेथे ठेवलेली आहे, अशी श्रद्धा आहे; ‘रांबुत’ म्हणजे केस. (येथेही ‘सिवी’त शिव शोधू नये, त्याचा अर्थ पूजणे.) महामार्गाच्या कडेस या देवळाची एक छोटी चौकी आहे. वाहनचालक तेथे थांबतात, अंगावर तीर्थ शिंपडून घेतात व मार्गस्थ होतात. अशा देवळांच्या पावित्र्याची मर्यादा किती, याविषयी इंडोनेशियातील हिंदूंच्या परिषदेने १९९४ साली निर्णय दिला. त्यातील मापे मोठी मनोहर आहेत. ‘आपेनेलेंग आगुंग’, म्हणजे मोठा दृष्टिटप्पा, किमान पाच किलोमीटर. ‘आपेनेलेंग आलित’, म्हणजे लहान दृष्टिटप्पा, किमान दोन. आणि त्याखाली ‘आपेनिंपुग’, म्हणजे फेकलेली वस्तू जाईल तितके अंतर. निरर्थांशी संबद्ध देवळांना लहान दृष्टिटप्पा लागू होतो. डोळ्याने मोजलेले हे अंतर किलोमीटरांत बसविताना किती वाद झाले असतील, याची कल्पना करता येते. हॉटेल काढू पाहणाऱ्यांनी त्यावर प्रांतिक सरकारापर्यंत धाव घेतलेली आहे.

पाहुण्यानेही एक दिवस ध्यानात ठेवावा. न्येपीच्या दिवशी हा अहोरात्र वाहणारा महामार्ग चोवीस तास ओस पडतो. बोटी बंद, विमानतळ बंद. रूढीच्या गावाचे ‘पेचालांग’ हे रक्षक रस्त्यावर पहारा देतात. त्या दिवशी हुकूम चालतो तो दुसऱ्या ‘देसा’चा.

महामार्गाचे पुढे काय होणार, हा प्रश्न गावापुढे आहे. गिलिमानुक ते मेंगवी हा सुमारे ९७ किलोमीटरांचा टोलरस्ता आखण्यात आला व सप्टेंबर २०२२ मध्ये पेकुतातान येथेच त्याचा प्रारंभसमारंभ झाला. तो झाला तर जावाचे ट्रक जुना रस्ता सोडतील. मेदेवीची झोप सुधारेल, पण रस्त्याकडेच्या खानावळी, ज्यांना तेथे ‘वारुंग’ म्हणतात, त्यांचे गिऱ्हाईक जाईल. समारंभानंतर काम भांडवलाअभावी रखडले. ज्यांच्या शेतांवरून रेषा आखली गेली होती, त्यांना मधल्या काळात ती शेते विकता येईनात आणि तारणही ठेवता येईनात, अशी तक्रार त्यांनी केली.